फिलर मर्यादेत, डांबर मर्यादेत, तरी थर का उखडतो? हॉटमिक्समध्ये फिलर वापरण्याची नेमकी पद्धत

मराठवाड्यात नवा डांबरी थर दुसऱ्या पावसाळ्यात उखडायला लागला की पहिला संशय डांबरावर जातो. तुकडा काढून एक्स्ट्रॅक्शन केले जाते, म्हणजे डांबर विरघळवून वेगळे काढून मोजतात, आणि डांबराचे टक्के बरोबर निघतात. ७५ मायक्रॉनखालची भुकटी, म्हणजे फिलर, पाहिली जाते, तीही मर्यादेत निघते. दोन्ही कागद बरोबर आणि रस्ता मात्र खराब. अशा वेळी चूक अनेकदा त्या दोघांच्या प्रमाणात आणि भुकटीच्या जातीत असते, आणि या दोन गोष्टी रोजच्या रजिस्टरमध्ये कोणी लिहीतच नाही.

खडीला खडी धरून ठेवणारा पदार्थ नुसते डांबर नसते. ७५ मायक्रॉनखालचे दगडी कण डांबरात मिसळून जे दाट मिश्रण होते, ते मॅस्टिक, खरी पकड देते. उन्हाळ्यात ४२–४४ अंशांना थर किती ढिला पडेल, थंडीत किती ताठ होईल, पाणी खडी आणि डांबराच्या मधे शिरेल की नाही, डांबर किती लवकर सुकून ठिसूळ होईल, हे सगळे मॅस्टिकवर ठरते. फिलर कमी पडला तर थर उन्हात दबतो, डांबर वर येते. जास्त झाला तर मिश्रण कोरडे पडते आणि तडे जातात. फिलरमध्ये माती असेल तर प्रमाण कितीही अचूक असो, पाणी आत शिरतेच.

खालचे टप्पे डीबीएम (डेन्स बिटुमिनस मॅकॅडम, खालचा डांबरी थर) आणि बीसी (बिटुमिनस काँक्रीट, वरचा थर) या दोन्ही थरांना लागू आहेत. उदाहरणे बीसी ग्रेडिंग २, म्हणजे १३ मिमीच्या मिश्रणाची घेतली आहेत. मर्यादा मोर्थच्या, म्हणजे केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या, २०१३ च्या पाचव्या सुधारित स्पेसिफिकेशनमधल्या विभाग ५०० च्या आहेत. जिथे दुसरीकडची मर्यादा घेतली आहे, तिथे तसे लिहिले आहे.

टप्पा १: फिलर कुठून कुठून येतो ते धुऊन मोजा

क्रशरची कच म्हणजे फिलर नव्हे, ही गल्लत सगळ्यात आधी दूर करायला हवी. फिलर म्हणून टाकायच्या मालाची चाळणी अशी हवी: ६०० मायक्रॉनखाली १०० टक्के, ३०० मायक्रॉनखाली ९५ ते १००, ७५ मायक्रॉनखाली ८५ ते १००. कचेत मात्र बहुतेक वाळूसारखा जाड कण असतो आणि ७५ मायक्रॉनखालचा भाग थोडाच.

मिश्रणात भुकटी चार वाटांनी येते: कचेतून, खडीला चिकटलेल्या धुळीतून, प्लांटच्या बॅग फिल्टरमधून परत येणाऱ्या धुळीतून, आणि वेगळ्या आणलेल्या चुन्यातून किंवा सिमेंटमधून. शिवाय ड्रायरमध्ये खडी घासली जाऊन थोडी नवी भुकटी तयार होते, विशेषतः दगड नरम असेल तर.

मोजायचे कसे:

१. प्रत्येक ढिगातून वेगवेगळ्या उंचीवरून नमुना घ्या. ढिगाच्या पायथ्याचा एकच घमेलाभर माल घेऊ नका, तिथे जाड कण घरंगळून आलेले असतात.
२. नमुना ११० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत सुकवा आणि वजन करा.
३. पाण्यात भिजवा, हलवा आणि ते पाणी ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर ओता. बारीक जाळी फाटू नये म्हणून वर १.१८ मिमीची चाळणी ठेवा. खालून जाणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत धूत राहा.
४. दोन्ही चाळण्यांवर उरलेला माल परत सुकवून तोला. कमी झालेले वजन म्हणजे धुऊन निघालेली भुकटी.
५. मग कोरडी चाळणी करा आणि तळाच्या भांड्यात पडलेली भुकटी आधीच्या आकड्यात मिळवा.

कोरड्या चाळणीवर विसंबले तर किती फसगत होते ते पाहा. समजा मिश्रणात १३ मिमी खडी ३० टक्के, ६ मिमी २५, कच ४३ आणि चुना २ टक्के आहे. कोरड्या चाळणीत ७५ मायक्रॉनखाली अनुक्रमे ०.२, ०.५ आणि ५.४ टक्के मिळाले, चुना जवळजवळ सगळा गेला. बेरीज होते ४.५ टक्के. तोच माल धुतल्यावर ०.६, १.२ आणि ८.२ टक्के मिळतात. बेरीज ६.० टक्के. जेएमएफ, म्हणजे कामासाठी मंजूर झालेले मिश्रणाचे सूत्र, ६ टक्क्यांचा असेल तर कोरडी चाळणी करणारा माणूस "दीड टक्का कमी आहे" म्हणून फिलर वाढवतो, आणि रस्त्यावर साडेसात टक्के जातात.

तपासणी: रजिस्टरमध्ये "धुऊन" की "कोरडे" हे लिहिलेले नसेल, तर तो आकडा कोरडाच धरा आणि पुन्हा मोजा.

टप्पा २: भुकटीत काळी माती आहे का ते पाहा

मराठवाड्यातला हा सगळ्यात मोठा धोका आहे, म्हणून इथे घाई करू नका. आपल्याकडच्या बेसॉल्टच्या खाणींवर वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि मग टणक दगड असतो. काळ्या मातीतला चिकणमातीचा कण पाणी पिऊन फुगतो आणि सुकल्यावर आकसतो. हा कण फिलर म्हणून डांबरात गेला की थराच्या आत पाणी ओढून घेतो, फुगतो आणि डांबराला दगडावरून सुटे करतो. चाळणीवर तो दगडी भुकटीसारखाच दिसतो, म्हणून नुसत्या चाळणीने तो सापडत नाही.

माती शिरण्याच्या नेहमीच्या जागा:

खाणीतला वरचा भाग पूर्ण न काढताच ब्लास्ट घेतला जातो. क्रशरच्या तोंडाशी माती-मुरूम वेगळा काढणारी जाळी नसते, किंवा पावसात ती चिकटून बंद पडलेली असते. कचेचा ढीग थेट शेतजमिनीवर टाकतात आणि लोडरचे बकेट शेवटी जमीन खरवडते. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काम सुरू होते तेव्हा, पहिल्या काही दिवसांच्या मालात ही माती सर्वाधिक असते.

उपाय साधे आहेत. ढिगाखाली मुरूम-खडी दाबून पक्की जागा करा. ती शक्य नसेल तर ढिगाचा तळचा सुमारे ३०० मिमीचा थर प्लांटला न्यायचाच नाही, असे लोडरवाल्याला बजावून ठेवा. पावसाळ्यानंतर पहिला माल जीएसबीसारख्या खालच्या थरासाठी वळवा आणि तिथेही त्याचा प्लॅस्टिसिटी इंडेक्स (माल किती चिकणमातीसारखा आहे ते सांगणारा आकडा) पाहूनच वापरा.

चाचण्या दोन. फिलरचा प्लॅस्टिसिटी इंडेक्स ४ पेक्षा जास्त नसावा. ही अट चुन्याला आणि सिमेंटला लागू नाही. बारीक खडीचा सँड इक्विव्हॅलंट (मातीच्या तुलनेत स्वच्छ वाळूचा वाटा सांगणारा आकडा) ५० पेक्षा कमी नसावा. रोज प्लांटवर करण्यासाठी एक ढोबळ परीक्षा आहे: काचेच्या उंच बरणीत मूठभर कच आणि भरपूर पाणी घेऊन जोरात हलवा आणि ठेवून द्या. दगडी कण काही मिनिटांत खाली बसतो. अर्ध्या तासानेही पाणी गढूळ आणि तपकिरी राहिले तर माल थांबवा आणि लॅबची चाचणी होईपर्यंत वापरू नका.

सावध: बॅग फिल्टरमध्ये सगळ्यात बारीक कण अडकतो आणि माती असली तर तीच तिथे साठते. कच पास झाली म्हणून बॅगची धूळ पास झाली असे समजू नका. तिचा नमुना वेगळा घ्या.

टप्पा ३: दगड पाहून फिलर निवडा

दगडाची भुकटी. मातीविरहित बेसॉल्टची भुकटी चांगला फिलर आहे. मात्र सच्छिद्र, भोकाभोकांचा दगड असेल तर तो डांबर शोषतो. त्याचा हिशेब टप्पा ४ मध्ये येतो.

चुना, म्हणजे विझवलेला चुना. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देगलूर-बिलोली भागात ग्रॅनाइट लागतो. ग्रॅनाइटमध्ये सिलिका जास्त, त्यामुळे पाणी त्याच्यावरून डांबर सहज सोडवते. अशा दगडाला चुन्याचा फायदा सर्वाधिक. डांबरातली आम्ले चुन्यातल्या कॅल्शियमशी जुळतात आणि पाण्यात न विरघळणारे क्षार होतात, त्यामुळे दगडावरची पकड टिकते. याच आम्लांना आणि ऑक्सिडेशनला हातभार लावणाऱ्या घटकांना चुना बांधून ठेवतो, म्हणून डांबर ठिसूळ होण्याचा वेगही मंदावतो. बेसॉल्टवरही चुन्याचा उपयोग होतो, विशेषतः दगड झिजलेला असेल तेव्हा. पण मातीवर पांघरूण घालण्यासाठी चुना टाकू नका. खडी पाण्याच्या चाचणीत नापास झाली तर एकूण खडीच्या वजनाच्या २ टक्के चुना घालून तेवढी बारीक खडी कमी करावी, असे मोर्थ सांगते.

चुना बंद पिशवीत, कोरड्या जागी ठेवा. उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल घेऊन त्याचा पुन्हा चुनखडीसारखा कण होतो आणि रासायनिक उपयोग जातो. कळीचा, म्हणजे न विझवलेला चुना कधीच वापरू नका. तो थरात पाणी घेऊन विझतो आणि फुगतो.

सावध: चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. पोते फोडणाऱ्या मजुराला चष्मा, मास्क आणि हातमोजे द्या आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली ठेवा.

सिमेंट. चालते, पण चुन्याइतका रासायनिक फायदा नाही. पोत्यात गाठी झालेल्या असतील तर ते फिलर नाही.

राख. परळीच्या औष्णिक केंद्रामुळे राख जवळ आहे म्हणून ती फिलरला वापरायचा मोह होतो. राखेत न जळलेला कोळसा असेल तर तो डांबर शोषतो. प्रत्येक ट्रकमध्ये त्याचे प्रमाण बदलते, म्हणून मिश्रण कधी कोरडे, कधी ओले. इंजिनिअरची लेखी मंजुरी आणि प्रत्येक लॉटचा जळून जाणाऱ्या भागाचा अहवाल असल्याशिवाय राख प्लांटवर उतरवू नका.

टप्पा ४: भुकटी आणि डांबर यांचे गुणोत्तर काढा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हा आहे. गुणोत्तर म्हणजे ७५ मायक्रॉनखालच्या भुकटीचे वजन भागिले कामी येणाऱ्या डांबराचे वजन. "कामी येणारे" म्हणजे दगडाने आत शोषलेले वजा करून उरलेले. सुपरपेव्ह या अमेरिकी मिश्रण-डिझाइन पद्धतीत हे गुणोत्तर ०.६ ते १.२ मध्ये ठेवतात, आणि आपल्या बीसीसाठीही तोच पट्टा धरणे सुरक्षित.

आधी दगडाने किती डांबर शोषले ते काढा. ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत पदार्थ किती जड ते. खडीची बल्क ग्रॅव्हिटी (दगडातली छिद्रे धरून) २.८०, आणि मिश्रणाच्या राइस चाचणीतून (पोकळीविरहित मिश्रणाची ग्रॅव्हिटी मोजणारी) आलेली इफेक्टिव्ह ग्रॅव्हिटी (डांबर शिरलेली छिद्रे वगळून) २.८४७, डांबराची १.०२ समजा. दोन ग्रॅव्हिटींतला फरक ०.०४७. त्याला त्या दोघींच्या गुणाकाराने, म्हणजे ७.९७ ने भागा, १०० ने गुणा आणि १.०२ ने गुणा. उत्तर ०.६. म्हणजे खडीच्या वजनाच्या ०.६ टक्के डांबर दगडात गेले.

आता १००० किलो मिश्रण घ्या. डांबर मिश्रणाच्या ५.५ टक्के, म्हणजे ५५ किलो. खडी ९४५ किलो. भुकटी खडीच्या ६ टक्के, म्हणजे ५६.७ किलो. शोषलेले डांबर ५.७ किलो, कामी येणारे ४९.३ किलो. गुणोत्तर ५६.७ ÷ ४९.३ = १.१५. एकूण डांबराने भागले असते तर १.०३ आले असते आणि आपण निर्धास्त झालो असतो. सच्छिद्र बेसॉल्ट असेल तर हा फरक आणखी वाढतो.

मुख्य चूक पुढे आहे. बीसीसाठी रोजच्या उत्पादनात ७५ मायक्रॉनला ±१.५ टक्के आणि डांबराला ±०.३ टक्के सूट आहे. समजा भुकटी ७.५ टक्के गेली आणि डांबर ५.२ टक्के. दोन्ही सुटीच्या आत. पण गुणोत्तर? भुकटी ७१.१ किलो, कामी येणारे डांबर ४६.३ किलो, गुणोत्तर १.५४. हे मिश्रण कोरडे आहे आणि ते लवकर तडकणार. उलट बाजूने भुकटी ४.५ आणि डांबर ५.८ झाले तर गुणोत्तर ०.८१ येते. एकाच जेएमएफखाली, प्रत्येक चाचणी पास होत, मॅस्टिक जवळजवळ दुपटीने बदलले. सुरुवातीला सांगितलेला "दोन्ही कागद बरोबर" प्रकार तो हाच.

तपासणी: दोन्ही आकडे एकाच नमुन्यातले हवेत. सकाळच्या नमुन्याचे डांबर आणि संध्याकाळच्या नमुन्याची भुकटी घेऊन गुणोत्तर काढले तर त्याला अर्थ नाही.

टप्पा ५: फिलर किती डांबर अडकवतो ते तपासा

एकाच वजनाच्या दोन फिलरांचे काम सारखे होत नाही. दाबून बसवलेल्या कोरड्या फिलरच्या कणांमध्ये जी पोकळी राहते, तिला रिग्डन पोकळी म्हणतात. या पोकळीत शिरलेले डांबर अडकून पडते आणि कणांना एकमेकांवर सरकवायला उरत नाही. चाचणीत १० ग्रॅम कोरडा फिलर साच्यात घेऊन ३५० ग्रॅमचा दट्ट्या १०० मिमीवरून १०० वेळा टाकतात. साइट लॅबमध्ये हे उपकरण सहसा नसते. जवळच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लॅबमध्ये सोय आहे का विचारा.

दगडी भुकटीची पोकळी साधारण ३५ टक्के धरली, तर वरच्या उदाहरणात ५६.७ किलो भुकटी, म्हणजे २०.३ लिटर घन कण, जवळपास ११ लिटर डांबर अडकवतात. कामी येणारे डांबर एकूण ४८ लिटर. म्हणजे सुमारे ३७ लिटर मोकळे राहते.

आता त्यातली १८.९ किलो दगडी भुकटी काढून तेवढाच चुना घातला, म्हणजे खडीच्या २ टक्के. चुन्याची ग्रॅव्हिटी सुमारे २.२, म्हणून तोच वजनाचा चुना जास्त जागा घेतो, ६.८ लिटरऐवजी ८.६ लिटर. शिवाय चुन्याची पोकळी ६५ टक्क्यांच्या आसपास असते. हिशेब केला तर अडकलेले डांबर ११ वरून सुमारे २३ लिटर होते आणि मोकळे राहते जेमतेम २५. मिश्र फिलरचे आकडे असे सरळ बेरजेने तंतोतंत येत नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे. किलोला किलो बदली करून "चुना घातला, आता काम पक्के" म्हटले तर मिश्रण कोरडे पडते. चुना बदलला की मिश्रण डिझाइन नव्याने करा. चुना तेवढाच ठेवून एकूण भुकटी थोडी कमी करणे, किंवा डांबर ०.१ ते ०.२ टक्के वाढवणे, यातले काय जमते ते मार्शल चाचणीत (मिश्रणाच्या गोळ्याची ताकद आणि दबणे मोजणारी) पाहा.

साइट लॅबमध्येच करता येणारी परीक्षा म्हणजे मॅस्टिकचा सॉफ्टनिंग पॉइंट, म्हणजे ते मऊ होऊन सैल पडते ते तापमान:

१. घनफळाने ६२.५ भाग डांबर आणि ३७.५ भाग फिलर घ्या. ग्रॅव्हिटी १.०२ आणि २.८ असेल तर डांबर ६३.८ ग्रॅम, फिलर १०५ ग्रॅम. चुना असेल तर त्याची ग्रॅव्हिटी धरून वजन नव्याने काढा.
२. फिलर सुकवून १५० अंशांपर्यंत गरम करा. थंड फिलर गरम डांबरात टाकला तर गुठळ्या होतात.
३. डांबर ढवळत थोडा थोडा फिलर टाका. गुठळी आणि हवेचे फुगे दिसेनासे होईपर्यंत हलवा.
४. लगेच रिंगमध्ये ओता. थांबलात तर जड कण तळाला बसतात आणि वरचा भाग निव्वळ डांबर राहतो.
५. त्याच डांबराचा, फिलरशिवायचा सॉफ्टनिंग पॉइंटही त्याच दिवशी काढा. तापमान दर मिनिटाला ५ अंशांनी वाढवा. मॅस्टिक ८० अंशांच्या वर जाईल असे वाटले तर पाण्याऐवजी ग्लिसरीन वापरा.

दोघांतला फरक युरोपीय पद्धतीत ८ ते २५ अंशांत अपेक्षित असतो. युरोपात ही चाचणी ७०/१०० पेनिट्रेशनच्या मऊ डांबरावर करतात, म्हणून व्हीजी-३० वर (आपल्याकडची डांबराची एक प्रत; व्हीजी-४० त्याहून घट्ट) आलेला आकडा मर्यादा न मानता तुलनेसाठी वापरा. मंजूर फिलरचा आकडा नोंदवून ठेवा. नवा लॉट त्यापेक्षा ४–५ अंशांनी वेगळा आला तर फिलर बदलला आहे, हे नक्की.

टप्पा ६: मिश्रणावर पाण्याची चाचणी घ्या

मार्शल स्टॅबिलिटी जास्त आली म्हणून खूश होऊ नका. फिलर वाढवला की स्टॅबिलिटी वाढतेच, आणि ठिसूळपणाही वाढतो. हवेची पोकळी ३ ते ५ टक्के, फ्लो (फुटेपर्यंत गोळा किती दबतो ते) २ ते ४ मिमी आणि व्हीएफबी (खडीमधल्या पोकळीचा डांबराने भरलेला वाटा) ६५ ते ७५ टक्के या तिन्ही गोष्टी सोबत बघा. फ्लो २ च्या काठावर आणि स्टॅबिलिटी भरमसाट, हे कोरड्या मॅस्टिकचे लक्षण आहे.

टीएसआर, म्हणजे ओल्या आणि कोरड्या गोळ्यांच्या ताकदीच्या गुणोत्तराच्या चाचणीसाठी सहा गोळे करा, आणि ते नेहमीच्या ठोक्यांनी न दाबता हवेची पोकळी ७ टक्क्यांच्या जवळ राहील अशा कमी ठोक्यांनी करा. इथेच सगळ्यात जास्त चूक होते. ४ टक्के पोकळीच्या घट्ट गोळ्यात पाणी शिरतच नाही आणि टीएसआर खोटा चांगला येतो. तीन गोळे कोरडे ठेवा. तीन गोळ्यांत निर्वात पंपाने पाणी भरा, पोकळीच्या ७० ते ८० टक्के. स्पेसिफिकेशन गोठवण्याचे चक्र मागत असेल तर ते करा. मग २४ तास ६० अंशांच्या पाण्यात ठेवा, नंतर सगळेच २५ अंशांवर आणून फोडा. ओल्याची ताकद कोरड्याच्या किमान ८० टक्के हवी.

तपासणी: फुटलेल्या ओल्या गोळ्याचा आतला भाग पाहा. आकडा ८२ आला तरी खडी उघडी, तपकिरी दिसत असेल तर माती किंवा चिकटपणाचा प्रश्न शिल्लक आहे.

टप्पा ७: प्लांटवर फिलर शिस्तीने टाका

बॅच मिक्स प्लांटमध्ये फिलरचा वेगळा वजनकाटा असतो, त्याचे कॅलिब्रेशन काम सुरू होण्याआधी करून घ्या. खडी आणि फिलर मिक्सरमध्ये ५ ते १० सेकंद कोरडे फिरू द्या, मग डांबर सोडा. डांबर आधी आणि फिलर नंतर गेला तर गुठळ्या होतात आणि त्या थरात डागासारख्या दिसतात. हॉट बिन १ च्या, म्हणजे सगळ्यात बारीक गरम मालाच्या कप्प्याच्या, भिंतीला बारीक धूळ साचते आणि मधूनच एकदम कोसळते. त्या बॅचमध्ये भुकटी अचानक वाढते. बिन दर शिफ्टला रिकामा करून पाहा.

बॅगची धूळ परत घ्यायची असेल तर ती सतत, सारख्या वेगाने यायला हवी. अर्धा तास काहीच नाही आणि मग एकदम ढीग, असे झाले तर सरासरी बरोबर दिसेल आणि रस्त्यावर पट्टे पडतील. ड्रायरमधून खडी ओली येत असेल तर बॅगवर ओलसर थर बसतो आणि धूळ गोळ्यांत सुटते.

ड्रम मिक्स प्लांटमध्ये फिलर डांबराच्या नळीच्या जवळ किंवा पुढे सोडा. बर्नरच्या बाजूला सोडला तर गरम वायू तो उडवून धुराड्याकडे नेतात. महिन्याचा चुन्याचा खप हिशेबात बरोबर, पण एक्स्ट्रॅक्शनमध्ये भुकटी कमी, असे दिसले तर फिलर हवेत जातो आहे.

व्हीजी-३० साठी डांबर १५० ते १६५, खडी १५० ते १७०, मिश्रण १५० ते १६५ अंश. व्हीजी-४० साठी डांबर १६० ते १७०, खडी १६० ते १७५, मिश्रण १६० ते १७०. फिलर वाढवल्यामुळे मिश्रण जड वाटते म्हणून ऑपरेटर तापमान चढवतात. असे करू नका. जास्त तापलेले डांबर प्लांटमध्येच म्हातारे होते आणि मग चुन्याचा फायदाही वाया जातो.

टप्पा ८: रोजची नोंद

दर ४०० टनांना एक आणि दिवसाला किमान दोन नमुने एक्स्ट्रॅक्शनला घ्या. सेंट्रिफ्यूजमधून निघणाऱ्या द्रावणात बारीक भुकटी वाहून जाते. ती पकडून वजनात धरली नाही तर डांबर जास्त आणि भुकटी कमी दिसते, म्हणजे गुणोत्तर दोन्ही बाजूंनी खोटे चांगले येते. द्रावणाचा थोडा भाग जाळून राख तोला आणि दुरुस्ती करा.

रजिस्टरमध्ये एक स्तंभ वाढवा: गुणोत्तर. १.२ च्या वर सलग दोन नमुने आले तर प्लांट थांबवा आणि आधी हॉट बिन १ व बॅगची धूळ तपासा. डांबर वाढवून प्रश्न मिटवायचा प्रयत्न करू नका, कारण धुळीचा लोंढा थांबला की तेच जास्तीचे डांबर उन्हाळ्यात वर येईल.

टप्पा ९: पेव्हरमागे काय पाहायचे

व्हीजी-३० असेल तर पसरताना किमान १४० अंश, रोलिंग थर ९० अंशांखाली उतरण्याआधी पूर्ण. व्हीजी-४० साठी हेच आकडे १५० आणि १००.

मिश्रण तपकिरी, निस्तेज दिसते, स्क्रीडखाली (पेव्हरच्या सपाट करणाऱ्या पाटीखाली) फाटते आणि फावड्याला चिकटत नाही: मॅस्टिक कोरडे. गुणोत्तर आणि तापमान दोन्ही पाहा.

रोलरखाली आडव्या केसासारख्या भेगा पडतात आणि मिश्रण रोलरपुढे ढकलले जाते: मॅस्टिक ढिले, किंवा तापमान जास्त, किंवा खालचा टॅक कोट (थर चिकटण्यासाठी आधी मारलेला पातळ डांबराचा हात) नीट सुकलेला नाही. शेवटच्या दोन शक्यता वगळल्याशिवाय फिलर वाढवू नका.

काही मीटरवर चमकदार पट्टा, मग काही मीटर कोरडा: प्लांटवर भुकटी लाटांसारखी येते आहे. बॅगची परतीची नळी तपासा.

ट्रकच्या तळाला डांबर उतरून चकचकीत थर साचतो: फिलर कमी पडतो आहे, किंवा ड्रममधून उडून जातो आहे. तो ट्रक टाकू नका. प्लांटला फोन करून पुढच्या बॅचमधली भुकटी धुऊन मोजायला सांगा, आणि आकडा आल्याशिवाय पुढचा ट्रक भरू देऊ नका.